केराबाईचं पूर्ण नाव

राजूर, ता. अकोले
११ ऑगस्ट २०२५

रविराज,

सलाम घे, आणि सलामाच्या पाठोपाठ शिव्याही घे. फोनवर मला ऐकू येत नाही, तुम्ही ओरडता, मग मीही ओरडते, म्हणून हे पत्र. पत्राला मधेच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

काल शेजारच्या ज्योतीच्या मोबाईलवर तुझी पत्रिका आली. तुझ्या लेकीचा बाप्तिस्मा, सात सप्टेंबर, श्रीगोंदा. मला इतका आनंद झाला की मी ज्योतीला म्हटलं, जरा मोठं करून दाखव. तिने दोन बोटांनी मोठं केलं. गुलाबाची वेल, पांढरं कबूतर, आणि मधोमध सोनेरी अक्षरांत माझं नाव. केरेनहप्पूक, आणि खाली कंसात लाडाचं 'केरा'.

अरे, तुला लाज कशी वाटली नाही? पुढे हप्पूकबिप्पूक शेपूट लावलं म्हणून केराचं सोनं होतं का?

तुला वाटलं असेल, आत्या खूश होईल. आत्याने हे नाव आयुष्यभर कसं वाहिलं ते कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते. शाळेत गुरुजी हजेरी घेताना 'केरा' म्हणाले की मागच्या बाकावरून आवाज यायचा, 'काढला, गुरुजी!' आणि गुरुजीही हसायचे. नर्सिंगला गेले तर पहिल्याच दिवशी मोठ्या सिस्टरने नाव विचारलं आणि कोपऱ्यातला झाडू दाखवून म्हणाली, 'मग तुमची ओळख करून द्यायला नको.' मला बघायला आलेल्या एका म्हातारीने तर चहाची बशी तोंडाला लावता लावता विचारलं, 'पोरगी घरातली हाय का केरातली?' मी पोह्यांच्या ताटल्या उचलल्या आणि त्यांना दार दाखवलं. पुढे लग्नाच्या भानगडीत पडलेच नाही.

हे नाव आलं कुठून, तेही ऐक. यमुनाक्का, मग काशीआक्का, मग तुझे वडील, म्हणजे आमचा दादा. दादा झाला तेव्हा घरात साखर वाटली. त्याच्यानंतर मी. तिसरी मुलगी. आमचे वडील, आबा, गेले तेव्हा मी तीन-चार वर्षांची होते, त्यामुळे त्यांना विचारायचं राहून गेलं. शाळेत चिडवायला लागले तेव्हा मी रडत दादाला विचारलं, तर तो म्हणाला, 'तिसरीबी पोरगीच निघाली तवा आबा म्हनले, ह्यो केर आता कुठं टाकायचा? तवापास्नं तू केरा.' माझ्या बहिणी एक नदी झाली, एक तीर्थ झाली, आणि मी उकिरडा. ख्रिस्ती घरातसुद्धा मुलगी नकोशी असते, एवढं मला त्या दिवशी कळलं.

तुझ्या पोरीने कुणाचं काय वाईट केलंय? पत्रिका मागे घे आणि नाव बदल. नाहीतर मी येणार नाही, तुझ्या घरचं पाणीही पिणार नाही. मोनिका सूनबाईला आशीर्वाद सांग. तिने तरी तुला थांबवायला हवं होतं.

तुझी आत्या

*

श्रीगोंदा
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

ख्रिस्तात सलाम. तुझं पत्र वाचून मोनिका रडली. तू इतकं सोसलंस हे मला खरंच माहीत नव्हतं. पण आत्या, शांतपणे ऐक. तुझं नाव केरावरून आलेलंच नाही.

पाळक व्हायला सेमिनरीत हिब्रू शिकत होतो तेव्हाची गोष्ट. वर्गात ईयोबाचं शेवटचं प्रकरण चालू होतं. ईयोब तुला ठाऊक आहे. गुरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले, वर मित्र येऊन उपदेश करत बसले. शेवटी देवाने त्याला सगळं पुन्हा दिलं. त्यात सात मुलगे आणि तीन मुली. सरांनी मुलींची नावं वाचली : यमीमा, कसीया, केरेनहप्पूक. मी बाकावर ताठ झालो. यमुना, काशी, केरा! गावाला यमीमा म्हणता येईना, तिची यमुना झाली. कसीयाची काशी झाली. तुझं नाव अर्ध्यावर तुटलं, आणि जो तुकडा उरला तो आपल्या भाषेत नेमका झाडूखाली सापडला.

केरेन म्हणजे शिंग. मधला 'ह' म्हणजे 'ते अमुक' असं दाखवणारा एक चिमुकला शब्द. पूक म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. त्या काळी सुरमा पोकळ शिंगात भरून ठेवत असावेत. म्हणजे तुझं नाव सुरमेदानी. आपल्या बायका काजळाची डबी म्हणतात, तेच. यमीमा म्हणजे बहुतेक कबूतर. काही विद्वान 'दिवस' असाही अर्थ लावतात. कसीया ही दालचिनीसारखी सुवासिक साल. एवढं दुःख भोगून उठलेल्या माणसाने मुलींना ठेवलेली नावं आहेत ही. आणि गंमत बघ, सात मुलग्यांपैकी एकाचंही नाव तिथे दिलेलं नाही. फक्त मुलींची आहेत. आबांना मुलासाठी त्या पानावर नाव सापडलं नाही, म्हणून तर पप्पांचं नाव साधं छगन राहिलं.

आता तूच सांग, नकोशा मुलीला कोणी काजळाची डबी म्हणतं का? आबांना तू हवी होतीस. म्हणूनच मी हे नाव माझ्या लेकीला ठेवतोय.

एक विनंती. पप्पांना यात ओढू नकोस. त्यांचा बीपी वाढलाय, आणि जुन्या गोष्टी त्यांना आता फारशा आठवत नाहीत. प्रभू तुझ्या मनाला शांती देवो.

तुझा भाचा,
रविराज

*

राजूर
२७ ऑगस्ट २०२५

पाळकसाहेब रविराज यांस,

सुरमा मिळाला. डोळे उघडले आहेत, तेव्हा आता सांभाळून.

आधी मी तुझ्यावर विश्वासच ठेवला नाही. पाळक लोकांना सांत्वन करायची सवय असते, मेलेल्याच्या घरी जाऊन तुम्ही काहीही गोड बोलता. मग मला आई आठवली. ती मला केरू म्हणायची. एकदा तिलाही विचारलं होतं, तर म्हणाली, 'तुज्या आबाला ठावं, बाई. पुस्तकातलं हाय कायतरी. माजी जीभ न्हाई वळत, म्हनून मी केरू म्हन्ते.' मला वाटलं, ही मला फसवून गप्प करतेय. आईला मी खोटी धरली आणि दादाला खरा. या अकलेबद्दल मी स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

ईयोब आपल्याकडे कोणी मेलं की वाचतात, आणि पहिल्या पानावरच थांबतात. परवा मी चष्मा पुसला आणि शेवटचं पान काढलं. बोट ठेवून वाचलं. तिघींची नावं आहेत. माझं आहे, पुरतं, न तुटलेलं. मी त्या अक्षरांवरून हात फिरवला, खोटं कशाला सांगू.

आणि मग पुढचं वाचलं. रविराज, ते तू का गिळलंस? बापाने ह्या मुलींना त्यांच्या भावांच्या बरोबरीने वतन, म्हणजे वाटा दिला, असं तिथे छापलंय. शिंग सांगितलंस, सुरमा सांगितलास, मधला 'ह' सुद्धा फोडून दाखवलास. एवढा 'ह' दिसणाऱ्याला त्याच्याखालचं अख्खं वाक्य दिसलं नाही? दिसलं. तू पाळक होण्याआधी दादाचा मुलगा आहेस, म्हणून गप्प बसलास.

कुकडीच्या कालव्याचं पाणी आलं आणि आपल्या रानात ऊस उभा राहिला, त्या वर्षी दादा राजूरला आला होता. हातात पेढ्यांचा पुडा, पिशवीत हक्कसोडीचा कागद. यमुनाक्का आणि काशीआक्कांनी आधीच सह्या केल्या होत्या. मी दवाखान्यातून हात पुसत आले आणि न वाचता सही केली. मनात एकच होतं, ज्या बापाने मला केर म्हटलं त्याच्या रानातलं ढेकूळही मला नको. रानाशी माझं काही भांडण नव्हतं. ती सही मी आबांवरच्या रागाने केली. आणि आता तू मला सांगतोस, आबांना मी हवी होते.

एकाच गोष्टीचं उत्तर दे. दादाला माझ्या नावाचा अर्थ ठाऊक होता की नव्हता? हो किंवा नाही, एवढंच लिही. सांत्वन नको.

आत्या

*

श्रीगोंदा
५ सप्टेंबर २०२५

केरे,

रवीनं तुजं पत्र वाचून दावलं. माजं डोळं आता वाचत न्हाईत, म्हनून मी सांगतुय आन सूनबाई लिहितीय. रवीला काय इचारतीस? मला इचार. व्हय, ठावं हुतं मला.

तुज्या बाप्तिस्म्याच्या दिशी आबांनी ते पान माज्याकडनंच वाचून घेतलं. आठ वर्साचा असंन मी. मी इचारलं, आबा, ह्यात माजं नाव कुठं हाय? आबा म्हनले, पोरांची न्हाईत लिवल्याली, पोरींचीच हायती. सगळ्या घरात मी एकला पोरगा, आन पुस्तकात माजं नाव न्हाई! मग फुडं कवातरी तुला केर म्हनलो. हसायला म्हनलो. तू खरं धरून बसलीस ह्यात माजी काय चूक?

आन रानाचं म्हनशील तर रान म्या कसलं. दगडं म्या येचली, पाइपलाइन म्या वडली. तू सावलीत बसून पगार खाल्लास. आबांना तुला रान द्यायचं असतं तर लिहून ठिवलं असतं. मास्तर हुते ते, लिवायला येत हुतं त्यांना. एक वळ न्हाई लिवली. आता ह्या वयात भावाला कोर्टात वडनार हायेस का? वड. मी भेत न्हाई.

आन ऐक, तूच म्हनलीस ना नाव बदला? मीबी तेच म्हनतुय. मला माज्या घरात ते नाव नगं. रोज हाक मारायची आन रोज तुजं भांडान ऐकायचं, कशाला?

छगन

(आत्या, पप्पा बोलले तसंच लिहिलं आहे. नाव बदलल्याशिवाय ते चर्चमध्ये पाय ठेवणार नाहीत म्हणतात, म्हणून बाप्तिस्मा पुढे ढकलला आहे. बाळाला सध्या सगळे नुसतं 'बाळ' म्हणतात. मला हे आवडत नाही. — मोनिका)

*

राजूर
१३ सप्टेंबर २०२५

दादा,

मोनिका, हे मोठ्याने वाच आणि मधे थांबू नकोस.

एक ओळ लिहिली नाही म्हणतोस? लिहिली होती. माझ्या नावात लिहिली होती. शास्त्रात सारा आहे, रूथ आहे, मार्था आहे. सोप्या नावांचा काय दुष्काळ पडला होता? ज्या नावावर स्वतःच्या बायकोची जीभ वळत नाही, ते आबांनी उगाच शोधून काढलं? सगळ्या पुस्तकात ज्या तीन मुलींना बापाने भावांबरोबर वाटा दिला असं स्वच्छ लिहिलंय, त्याच तिघींची नावं आम्हा तिघींना. मुलीला रान देतो असं आबा चावडीवर बोलले असते तर गाव हसलं असतं. म्हणून त्यांनी ते आमच्या नावांत ठेवलं, जिथून कोणी काढून घेऊ शकणार नाही असं त्यांना वाटलं. आणि वाचायला कोणाला लावलं? तुला. घरातला एकटा मुलगा तू. वाटणी तुझ्याच हातून व्हायची होती, म्हणून तुझ्याच तोंडून ते वदवून घेतलं. तू पुस्तक मिटलंस आणि मला येऊन सांगितलंस, तू केर.

हसायला म्हणालास. बरं, तेव्हा तुला मिसरूडही फुटलं नव्हतं, ती मस्करी मी सोडून देते. पण हक्कसोडीचा कागद घेऊन आलास तेव्हा तुझे केस पिकले होते. सही करण्याआधी मी तुला विचारलं होतं, 'दादा, आबांनी मला खरंच केर म्हटलं का रे?' आठवतं? तू पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे सरकवलास आणि म्हणालास, 'जाऊ दे गं, जुनं काय उकरतीस.' त्या दिवशी ती मस्करी नव्हती. त्या दिवशी तुला माझी सही हवी होती, आणि 'नाही' एवढा एक शब्द बोलला असतास तर ती तुला मिळाली नसती. म्हणून बोलला नाहीस.

रान तू कसलंस, हे खरं आहे, आणि मी सावलीत बसले नव्हते, हेही खरं आहे. इथल्या पावसात डोंगर चढून बाळंतपणं केली आहेत मी. मला वाटा नको, असं मी म्हणणार नाही. मोठेपणा दाखवायचं माझं वय गेलं. मला हवा आहे, आणि तो तुझ्या नातीच्या नावाने हवा आहे, पूर्ण नावाने, तलाठ्याला लिहिताना कितीही त्रास झाला तरी.

आणि नाव बदलायचं नाही. मी आधी बदला म्हणाले होते, ते तुझं खोटं माझ्या तोंडून बोललं होतं. तुझ्या घरात तुला हे नाव नको? घर सोडून मळ्यात जाऊन राहा.

तुझी धाकटी बहीण

*

श्रीगोंदा
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

मोनिकाने एका दमात वाचलं. पप्पा मधेच उठून अंगणात गेले, तर ती मागोमाग अंगणात गेली आणि तिथे उरलेलं वाचलं.

बाप्तिस्मा १२ ऑक्टोबरला आहे. नाव तेच. पप्पांना मी सांगितलं की आले तर आनंद, न आले तर उपासना थांबणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी असं बोललो. ते म्हणाले, 'लई शिकलास.' तू ये. वाक्य गिळल्याबद्दल मला जे बोलायचं ते समोर बोल.

रविराज

*

राजूर
१५ ऑक्टोबर २०२५

रविराज,

सुखरूप पोचले. मोनिकाने डब्यात दिलेल्या करंज्या ज्योतीच्या घरी वाटल्या. सगळ्यांनी नाव विचारलं, मी सगळ्यांना पूर्ण सांगितलं, आणि अर्थही सांगितला.

या वेळी तू पुढचं वाक्यही वाचलंस. मंडळीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या आणि पुरुष एकदम गाण्याच्या पुस्तकात नंबर शोधायला लागले, ते मी पाहिलं. आता तुला श्रीगोंद्यात बरेच शत्रू होतील. होऊ देत, पाळकाला ते शोभतं.

दादा आला, शेवटच्या बाकावर बसला, आणि पाणी शिंपडताना भिंतीकडे बघत होता. जेवणं झाल्यावर मी त्याच्याशेजारी खुर्ची ओढली आणि विचारलं, 'कागद कधी करायचा?' तो म्हणाला, 'बघू.' त्याच्या 'बघू'चा अर्थ काढायला हिब्रू शिकावं लागत नाही. मीही बघणार आहे. अकोल्यातल्या एका वकीलबाईंची वेळ घेतली आहे. हक्कसोड मोडता येते की नाही ते त्या सांगतील, आणि येत नसेल तर मी दर महिन्याला तुझ्या घरी येऊन दादाच्या समोर बसेन. माझ्याकडे वेळ भरपूर आहे.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. संगमनेरला गाडी बदलली, खिडकीशी बसले, आणि मला आबांचा राग आला. असा राग की शेजारची बाई सरकून बसली. एवढं नाव शोधलंत, दादाकडून पान वाचून घेतलंत, मग मला का सांगितलं नाहीत? मी तुमचीच होते ना? मला जवळ घेऊन एकदा म्हणायचं होतं, की पोरी, तू काजळाची डबी आहेस. एकदा ऐकलं असतं तर शाळेत, नर्सिंगला, त्या म्हातारीसमोर, प्रत्येक ठिकाणी मी ताठ उभी राहिले असते. दादाच्या कागदावर सही करताना तर नक्कीच. ते एक वाक्य न बोलता तुम्ही मरून कसे गेलात? गाडीत मोठ्याने बोलले की मनात, मला आठवत नाही.

मग अकोल्याच्या अलीकडे डोक्यात आलं, की सांगितलंही असेल. रोज सांगितलं असेल, मांडीवर बसवून. ज्या माणसाने आठ वर्षांच्या मुलाला पान वाचायला लावलं, तो मला सांगितल्याशिवाय राहिला असेल का? पण मी केवढीशी होते. मला आबांचा चेहरा आठवत नाही रे. कोटाचं एक बटण आठवतं. ज्या पोरीला चेहरा आठवत नाही तिला त्यांचं बोलणं कुठून आठवणार? दादाचं बोलणं आठवतं, कारण तोवर मला कळायला लागलं होतं. इतके दिवस मी कोणाकोणावर चिडले, पण याचा राग कोणावर काढायचा ते मला अजून सापडलेलं नाही.

म्हणून हे पत्र. पोरीला अर्थ आजच सांग. तिला काही कळणार नाही, तरी सांग. मोनिकाला पाठ करायला लाव, तू नसशील तेव्हा तिने सांगावा. आणि पोरगी मोठी झाली, तिला कळायला लागलं, की सांगून झालंय असं समजू नकोस. पुन्हा सांग.

आत्या